घरटी एक माणूस

साकव बांधायचा दिवस पंचांग बघून ठरत नसे. कुणाच्या घरी लग्न नाही, कुणाच्या कलमांवर आंबा राहिलेला नाही, असा वैशाखाच्या शेवटाचा एक दिवस बघायचा आणि गावकराने आदल्या संध्याकाळी वाडीतून हाळी देत फिरायचं : "उद्या पऱ्यावर, घरटी एक माणूस!" रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडली की पावसपर्यंत सड्याच्या पोटाशी ज्या वाड्या बसल्या आहेत, त्यांतली आमची एक. वाडी आणि शाळा यांच्या मधोमध पऱ्या. मे महिन्यात त्यात पाऊल भिजत नाही आणि आषाढात त्यातून म्हैस वाहून गेलेली लोकांनी पाहिली आहे.

हे सगळं अण्णांकडून ऐकलेलं. अण्णा म्हणजे माझे आजोबा, लोकल बोर्डाच्या शाळेतले मास्तर. माझ्या आठवणीत त्या जागी सिमेंटची मोरीच आहे. पण अण्णा साकवाची गोष्ट इतक्या तपशिलाने सांगत की त्याच्या गाठीसुद्धा मला पाठ आहेत. माडाची दोन खोडं पऱ्यावर आडवी टाकायची, त्यांवर पोफळीच्या फाळ्या सुंभाने आवळायच्या, एका अंगाला धरायला बांबू. ज्या घरात बाप्या माणूस नाही त्या घरातून गूळपाणी यायचं, आणि ते घरही हजेरीत धरलं जायचं. दुपार कलली की काम संपे. मग साकवाची परीक्षा.

ती परीक्षा गावकर घेत नसे आणि अंगापिंडाने दणकट गडीही घेत नसे. डोकीवर लाकडाचा भारा घेतलेली एखादी वयस्क बाई साकवावर चढायची. भाऱ्याला एक हात, दुसरा हात बांबूला. ती मध्यावर थांबली, किंवा तिने पाऊल चाचपलं, तर फाळी उचकून पुन्हा बांधायची. ती न थांबता पलीकडे गेली तर साकव पास. मोठी आत्या सांगते, एका वर्षी एका म्हातारीने साकव सलग तीनदा नापास केला, तेव्हा बापये वैतागून म्हणाले, हिला मुद्दाम करायचंय. त्यावर म्हातारी पलीकडच्या काठावर भारा टाकून बसली आणि म्हणाली, "मग तुम्ही घ्या भारा." चौथ्यांदा बांधला.

पाखाडीचंही तसंच. घाटावरच्या वाचकांसाठी सांगायचं तर जांभ्याचे चिरे बसवून केलेली, दोन्ही अंगांना गडगे असलेली चढउताराची पायवाट. शिमग्यात पालखी याच वाटेने घरोघर येणार, म्हणून होळीच्या आधी पाखाडी बेणायची, निखळलेले चिरे पुन्हा बसवायचे. प्रत्येक घराच्या वाट्याला पाखाडीचा आपापला तुकडा. कुणाचा तुकडा कसा आहे हे पालखी खांद्यावर घेणाऱ्याच्या पायाला कळायचं आणि मग वर्षभर सगळ्या वाडीला.

इथवर ऐकणाऱ्याला गलबलून येतं. आपल्याकडे कोकणावर लिहिणारे बहुतेक इथेच थांबतात. अण्णा थांबत नसत. ते सांगत की देवळाजवळून जाणारा पाखाडीचा एक टप्पा असा होता, जिथून पलीकडच्या वाडीतल्या लोकांनी जायचं नाही. त्यांनी खालून, खाचराच्या बांधावरून, चिखलातून जायचं. 'घरटी एक माणूस' ही हाळी त्यांच्या वाडीत दिली जात नसे. चिरे फोडायला मात्र त्यांनाच बोलावणं जाई. १९३१ साली रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अण्णा लहान होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना तिकडे नेलं नाही, आणि का नेलं नाही तेही सांगितलं नाही. ते अण्णांनी पुढे स्वतःच ओळखलं.

म्हणून अण्णांना गावच्या पाखाडीपेक्षा लोकल बोर्डाचा रस्ता जास्त आवडायचा. तांबडा, धुळीचा, पावसात खचणारा. पण तो कुणाच्या मानापानाचा नव्हता. १९२३ साली सी. के. बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला होता की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. अण्णा तो शिकवण्याच्या ओघात मुलांना सांगत. त्याच्या अंमलबजावणीचं काय झालं हे महाडच्या चवदार तळ्याने चार वर्षांत दाखवून दिलं. पण ठरावातला मुद्दा अण्णांनी घट्ट धरला होता : ज्यात सगळ्यांचा पैसा, त्यावर सगळ्यांचा पाय. बोर्डाच्या रस्त्यावर कुणी कुणाला 'बाजूला हो' म्हणायचं नाही. निदान कायद्याने तरी.

त्याच रस्त्यावर अण्णांची सायकल आली.

ती आली बोटीने. मुंबईला गिरणीत असलेल्या त्यांच्या मावसभावाने जुनी रॅले घेतली, भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढवली. त्या काळी रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे; लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पोती पडावातून किनाऱ्याला यायची. सायकल पडावात उतरवताना खलाशाने तिचं पुढचं चाक गळ्यात अडकवलं होतं म्हणे. किनाऱ्यावर अण्णा धोतराचा काचा मारून कमरेएवढ्या पाण्यात उभे. खारं पाणी लागू नये म्हणून त्यांनी सायकल डोक्यावर घेतली. नंतर भाट्याच्या तरीवर तरवाल्याने माणसाचे वेगळे आणि सायकलीचे वेगळे पैसे मागितले. अण्णा म्हणाले, "अरे, ही काय माणूस आहे?" तो म्हणाला, "मास्तर, जागा माणसाचीच खाते."

ती सायकल वाडीत एकट्या अण्णांची राहिली नाही. पोष्टातून मनीऑर्डर आणायची असो, रात्री डॉक्टरला बोलवायचं असो, कुणाच्या मुलाला परीक्षेला तरीपर्यंत सोडायचं असो, 'मास्तरांची सायकल' निघायची. पावसाळ्यात तिला ग्रीस फासून पडवीत वाशाला टांगत. चार महिने तांबड्या चिखलात चाक फिरायचंच नाही. गणपतीला खाली काढत, तेव्हा वाडीतली सगळी पोरं पंप मारायला रांगेत.

मोठी आत्या त्याच सायकलीवर शिकली. सायकल पुरुषी, मधली नळी आडवी. बसायला पाय पोचत नाही, म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल. परकर चेनमध्ये अडकून फाटला, तेव्हा आजीने परकर शिवून दिला आणि पाठीत धपाटाही दिला. पुढे आत्या रत्नागिरीला हायस्कूलला जाऊ लागली. भाट्यापर्यंत सायकल, मग तर, मग पलीकडून बाजारातून चालत. शहरातल्या सायकलीचे नियम ती अजून घडाघडा म्हणते. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला सायकलीला हवा. काळोख पडल्यावर दिवा हवा; डायनॅमो परवडत नसेल तर रॉकेलची बत्ती, तीही नसेल तर उतरून चालायचं. डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचा. एवढ्याशा वाहनाला एवढा कायदा! आणि त्याच काळात त्या रस्त्यावर दिवसातून मोजक्या एस.टी. आणि दोनचार ट्रक.

आता ट्रक किती आहेत ते मोजायला कुणी बसलेलं नाही आणि सायकलीचा बिल्लाही कुणी मागत नाही. सायकल कायद्याच्या नजरेतूनच उतरली आहे. बिल्ल्याचा जाच होता खरा, पण ज्याच्याकडून कर घेतोस त्याला रस्त्यावर गिऱ्हाईक मानावं लागतं, हेही होतं.

सायकल चालवणारे मात्र संपलेले नाहीत. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण ते आपण उठायच्या आधी निघतात. आमच्याकडे पाववाला येतो तेव्हा अजून झुंजूमुंजू असतं. कॅरिअरला बांधलेली मोठी पेटी, तिच्यात पाव, बटर, खारी; हँडलला रबरी भोंगा. त्याच्या सायकलीला मागचा दिवा नाही. त्याऐवजी त्याने पेटीच्या पाठीवर एका जुन्या सी.डी.ची तबकडी खिळ्याने ठोकली आहे, ती हेडलाइटात चमकते. मागच्या वर्षी चिऱ्यांचा ट्रक अंगावर आला म्हणून त्याने सायकल डांबराखाली घातली. डांबर जिथे संपतं तिथून साइडपट्टी वीतभर खाली होती. सायकल तिरपी झाली, पेटी उघडली, आणि सगळे पाव तांबड्या मातीत. ट्रक थांबला नाही. हाताला प्लॅस्टर घालून तो तिसऱ्या दिवशी दारात उभा होता. पोरगा सायकल ढकलत होता आणि हा भोंगा वाजवत होता. भाजलं-खरचटलं तसं हेही धंद्यातलंच, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५. सायकलवाले साडेचार हजारांहून अधिक. म्हणजे गेलेल्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांच्या अंगाभोवती पत्र्याचा आडोसाच नव्हता. रत्नागिरीकरांना हे आकड्यांतून कळायची गरज नाही. हातखंब्याच्या उतारावर टँकर उलटल्याची बातमी वाचली की आपण फक्त आपलं कुणी त्या बाजूला गेलं होतं का, एवढं आठवतो.

मिऱ्या-नागपूर महामार्ग रुंद होतो आहे, मुंबई-गोवा तर कित्येक वर्षं होतोच आहे. रुंद रस्त्याला माझा विरोध नाही. आंब्याची पेटी वाशीला वेळेत पोचायला हवी, रुग्णवाहिका कोल्हापूरला पोचायला हवी. माझा प्रश्न साकवाच्या परीक्षेचा आहे : रस्ता पास करताना त्यावरून आधी कुणाला चालवून बघितलं? साळवी स्टॉपहून कुवारबावला जाणाऱ्या शाळेच्या मुलीला? मिरजोळ्याच्या एम.आय.डी.सी.त पाळीला जाणाऱ्याला? कागदावर रस्त्याचं वळण ठरवताना भरलेला ट्रेलर धरतात; तो वळला की रस्ता पास.

आणि नियम नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकलमार्गांची पुस्तिका काढली होती. ज्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला दोनशेहून जास्त मोटारी धावतात, तिथे तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा मार्ग द्यावा, आणि तो किमान दोन मीटर रुंद असावा, असं त्यात आहे. अण्णांची रॅले वाशाला टांगलेली होती तेव्हाची ही गोष्ट. शिवाय जिथे सायकलींसाठी पट्टा राखलेला असेल तिथे मोटार घालायची नाही, हा वाहतुकीचा नियमही आहे. फक्त पट्टाच नाही, त्यामुळे तो नियम मोडायची संधीही कुणाला मिळत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे : "आपल्याकडे चढ किती! कोण चालवणार सायकल?" हे उत्तर देणारे सहसा मोटारीत बसलेले असतात. पण चढ आहे हे खरंच आहे. बाजारातून जयस्तंभ, तिथून माळनाका, मग मारुती मंदिर, असं वर येताना मांड्या भरून येतात. पावसात तर बघायलाच नको. माझं म्हणणं असं की चढ आहे म्हणूनच पट्टा हवा, आणि तोही निम्म्या खर्चात होतो. उतारावर सायकल गाडीच्या बरोबरीने उतरते, तिथे वेगळी जागा फारशी लागत नाही. चढावर मात्र ती चालत्या माणसाच्या वेगाने डुगडुगते आणि मागचा माणूस हॉर्न दाबतो. तेव्हा चढाच्या अंगालाच पट्टा द्या. आता बॅटरीच्या सायकलीही आल्या आहेत. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका तशा सायकलीवरून नाचण्याहून मारुती मंदिराला भाजीला येतात आणि वर पोचून आमच्यासारख्या धापा टाकणाऱ्यांची चौकशी करतात.

पट्टा म्हणजे पांढऱ्या रंगाची रेघ नव्हे, हेही बोलून ठेवायला हवं. पुण्याने आपल्याला ते दाखवलं आहे. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या त्या गावात सायकलमार्ग झाले, पण कित्येक ठिकाणी ते मध्येच संपतात, कुठे डी.पी.चा खांब, कुठे वडापावची गाडी, कुठे उभी मोटार. तुटक मार्ग असला की शहाणा सायकलवाला तो वापरतच नाही, आणि मग अधिकारी म्हणतात, बघा, कुणी वापरत नाही. अर्ध्यावर थांबलेल्या साकवाला काय म्हणायचं, हे आमच्या म्हातारीने सांगितलं असतं.

हॉलंडचं नाव घेतलं की लोक म्हणतात, ते गोरे, त्यांचं सपाट. सपाट आहे ते. पण सायकलीचे मार्ग त्यांना काही वारशात मिळाले नाहीत. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यात उतरले, मुलांचे खून थांबवा असं म्हणत त्यांनी गल्ल्या अडवल्या. दोनच वर्षांनी तेलाचा तुटवडा आला आणि सरकारलाही ते म्हणणं ऐकू येऊ लागलं. तिथलीही ती गावकीच होती, फक्त हाळी वेगळ्या भाषेत.

आपल्याकडे अशी हाळी कोण देणार? दापोली-रत्नागिरीकडे सायकलप्रेमी मंडळी आहेत. हेल्मेट घालून रविवारी पहाटे आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे जाताना दिसतात. कौतुक आहे. पण त्यांच्या पंचवीस-तीस हजारांच्या सायकली आणि पाववाल्याची सायकल एकाच अर्जावर यायला हवी. नाहीतर मागणी होईल ती समुद्राकाठच्या हौसेच्या मार्गाची, आणि नाचणे रोड आहे तिथेच राहील. मला विचाराल तर पहिला अर्ज साइडपट्टीचा करावा : भाट्यापासून पावसपर्यंत डांबराच्या सपाटीला आलेली, घट्ट दाबलेली साइडपट्टी. तिला उद्घाटन नाही, फीत नाही, फलक नाही, म्हणूनच ती होत नाही. दुसरा अर्ज शाळांपुढच्या वेगाचा. जिथे माणसं आणि मोटारी एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं २०२० साली स्टॉकहोमला भरलेल्या जागतिक परिषदेने म्हटलं. कारण साधं आहे : त्या वेगाने धक्का बसला तर माणूस बहुधा वाचतो, आणि वेग पन्नासाच्या पुढे गेला की वाचायची शक्यता भराभर उतरते.

आमच्या वाडीने एक गोष्ट अर्जाशिवाय केली. पाखाडीच्या पायऱ्यांवरून सायकल वर न्यायची तर खांद्यावर घ्यावी लागे. धाकट्या काकांनी गवंड्याला सांगून गडग्याच्या कडेने हातभर रुंदीचा सिमेंटचा उतार काढून घेतला, मधोमध चाकाएवढा उथळ चर. चाक चरात ठेवायचं, हँडल धरायचं आणि शेजारून पायऱ्या चढत जायचं. सिमेंट काकांचं, वाळू एकाने दिली, मजुरी चार घरांनी वाटून घेतली, आणि पाणी मारायचं काम पोरांकडे. पहिल्या आठवड्यात पोरांनी त्याचा उपयोग गोट्या सोडायला केला. आता पाववाला सायकल वरपर्यंत आणतो. पूर्वी तो खालून भोंगा वाजवायचा आणि आम्ही धावायचो. मोठ्या आत्याने चर बघितला आणि पहिला प्रश्न विचारला : पालखी आली की भोयांचा पाय त्यात मुरगळणार नाही ना? मग शिमग्यात त्यावर फळी टाकायचं ठरलं. फळी कुणाच्या घरात ठेवायची, यावर अर्धा तास गेला.

मोठा वाद अजून मिटलेला नाही, तो आहे खालच्या रस्त्याचा. तिथे साइडपट्टी मोकळी ठेवायची, तर गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी गाड्या लावायच्या कुठे? ग्रामसभेत एकाने शाळेचं मैदान सुचवलं. शाळेने नाही म्हटलं. दुसऱ्याने देवळाचं आवार सुचवलं, तर मानकरी उठून उभे राहिले. बोरिवलीच्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर लिहिलं की पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, सायकलवाल्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं. त्याला उत्तर मोठ्या आत्याने दिलं, बोललेलं रेकॉर्ड करून : "तू एस.टी.ने ये. अण्णा मुंबईला एस.टी.नेच जायचे." त्यावर ग्रुपवर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. पुढची ग्रामसभा पंधरा ऑगस्टला आहे.